एकशे एक्केचाळीस पूर्णांक तीन

“परत सांगू?” अस्मानं विचारलं.

“सांग. बटण दाबल्यावर एक सेकंद थांब, मग बोल.”

कॉलेजच्या गच्चीवर आम्ही दोघीच होतो. रविवारची सकाळ, आठ वाजून सतरा मिनिटं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिनं लॅबमधलं स्टूल आणून ठेवलं होतं, पण ती बसली नव्हती. वायरलेस सेट तोंडापासून चार बोटं लांब, मी शिकवला तसा जरा तिरका धरून उभी होती. तिनं बटण दाबलं. सेटवरचा दिवा लाल झाला.

“व्हिक्टर युनिफॉर्म थ्री झुलू याँकी टँगो. नाव अस्मा. विट्याहून. पहिल्यांदाच बोलतेय. ओव्हर.”

बटण सोडलं. दिवा विझला.

“अजून कुणी स्टेशन?” सेटमधून आमच्या क्लबच्या मुळीकदादांचा आवाज आला, अगदी शेजारी उभे असल्यासारखा. “कुणी नाही? बरं. आजची हजेरी अकरा. नेट बंद करतो. सगळ्यांना सेव्हन्टी थ्री.”

सेव्हन्टी थ्री म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा नमस्कार; अस्मानं सुरुवातीला म्हटलेले सहा इंग्रजी शब्द म्हणजे तिच्या परवान्यावरची ओळख, कॉल साइन. अस्मानं सेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, मला सगळं ऐकू येतंय. माझं मात्र कुणाला जाईना. माझ्या आवाजातच काही खोट आहे का?”

“आवाजात खोट असती तर खोट असलेला आवाज गेला असता,” मी म्हटलं. “सेट दे इकडे.”

तार बंद झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि अस्मा मुजावर आमच्या प्रयोगशाळेत परिचर होती. वय चौतीस, शिक्षण बारावी. अमीटर पुसता पुसता तो उलटा जोडला तर काटा का आपटतो हे तिनं विचारलं होतं, तिथून आमचं सुरू झालं. मधल्या सुट्टीत डबा खाताना मी तिला हौशी रेडिओच्या परीक्षेचा अभ्यास शिकवला. ती पहिल्याच वेळी पास झाली. परवाना यायला मात्र चौदा महिने लागले. पाकीट आलं त्या दिवशी तिनं ते उघडलं नाही, आधी हात धुऊन आली.

आमच्या क्लबात एक पद्धत होती. दर रविवारी सकाळी आठला हवेवर हजेरी व्हायची, तिला नेट म्हणायचं. नवा परवानाधारक पहिली हाक नेटवरच मारायचा. मग हजर असलेला प्रत्येक जण त्याला नावानं बोलवून आवाज कसा येतोय ते सांगायचा आणि नव्या माणसानं ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायचं. अस्मानं दोनशे पानी वही घेतली होती, खाकी कव्हर घातलं होतं. पहिल्या पानावर तारीख लिहून आणली होती. खाली अकरा ओळी आखल्या होत्या.

मी तिचा सेट तपासला. फ्रिक्वेन्सी बरोबर. मग माझ्या सेटवरून स्वतः हाक मारली. दोनदा. डोंगर गप्प.

डोंगर म्हणजे वाघजाईच्या डोंगरावरचा क्लबचा रिपीटर. आमचे हातातले सेट दुबळे, गावाबाहेर फारसे पोचत नाहीत. रिपीटर उंचावर बसून आमचं बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरानं सांगतो, मग ते तीन तालुक्यांत जातं. पण तो वाटेल त्याचं ऐकत नाही. बोलण्याच्या खाली सेटमधून एक बारीक गुणगुण जावी लागते. तिला टोन म्हणतात. तो ठरलेला टोन मिळाला तरच रिपीटर कान उघडतो. टोन चुकीचा असला तर तुम्ही घसा फोडा, त्याच्या लेखी तुम्ही नसताच. त्याचं बोलणं मात्र तुम्हाला ऐकू येत राहतं.

“टोन बदललाय,” मी म्हटलं.

“कुणी?”

मला माहीत होतं, आणि का ते पण माहीत होतं.

आदल्या बुधवारी क्लबची बैठक होती. मी तिथं एक कागद वाचला होता. मी उत्स्फूर्त बोलणारी नाही. हवेवर बोलायचं असलं तरी आधी चिठ्ठीवर वाक्य लिहून घ्यायची. सहा वर्षं परवाना होता माझ्याकडे आणि सहा वर्षं मी नेटवर ‘हजर’ यापलीकडे फारसं बोलले नव्हते. त्या कागदावर सव्वीस नोंदी होत्या. तारीख, वेळ आणि ऐकलेलं वाक्य. ‘दादा, चार नंबर भरला, सोडू का?’ ‘तांदूळगावच्या साइटला वीस एमएम टाक.’ मुळीकदादांचा, म्हणजे विश्वासरावांचा, खडी क्रशर होता. खाणीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी डंपरच्या ड्रायव्हरांना सेट दिले होते आणि ते सगळे आमच्या रिपीटरवरून बोलत होते. परवाना एकाकडेही नव्हता. हौशी रेडिओवर धंद्याचं बोलणं चालत नाही, हा आमच्या परीक्षेतला पहिल्या पानावरचा प्रश्न आहे.

कागद वाचून झाला. तारऑफिसातून निवृत्त झालेले दिनकरनाना कोष्टी चष्मा पुसत राहिले. मुळीकदादा हसले आणि म्हणाले, “मॅडमचं अक्षर मात्र छान आहे.”

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी क्रशरवरच्या त्यांच्या ऑफिसात गेले.

“या या, तोडकर मॅडम! ए, चहा सांग रे. बिनसाखरेचा ना?” एवढं त्यांना लक्षात होतं. माणूस वाईट नव्हता, निदान मला तोवर तसं वाटत नव्हतं. अँटेनाच्या वायरला डाख देऊन टोक कसं जोडायचं हे मला त्यांनीच शिकवलं होतं, स्वतःच्या हातानं, बोट भाजून घेऊन.

“दादा, रिपीटरचा टोन बदललाय का?”

“बदलला की. मेंटेनन्स. शनिवारीच बदलला.”

“मेंबरांना कळवलं नाहीत.”

“कळवलं ना. ऑफिसातल्या गजानं सगळ्यांच्या सेटात नवा टोन केबल लावून भरून दिला. एकाचं दुसऱ्यात कॉपी, पाच मिनिटांत काम. तुमचाच राहिला.” त्यांनी टेबलावर हात पसरला. “ठेवून जा, उद्या देतो. एवढं फक्त करा. बैठकीच्या वहीत एक ओळ लिहा, की माझी हरकत मी मागे घेते.”

“आणि अस्माचा सेट?”

“कोण अस्मा?”

“मुजावर. तिला परवाना मिळालाय. काल तिची पहिली हाक होती.”

“अच्छा, ती तुमची शिपाईण.” ते जरा मागे रेलले. “मॅडम, स्पष्ट बोलू का? रिपीटर माझा. डोंगरावरची बॅटरी माझी, सोलरची पाटी माझी. तिथं कोण बोलायचं ते मी बघतो. तिला काय, ऐकू येतंय ना सगळं?”

“येतंय.”

“मग ऐका की. ऐकायला कुणी अडवलंय?”

चहा आला. मी घेतला नाही.

“सेट मी ठेवत नाही,” मी म्हटलं. “माझा सेट मी हातानं भरते.”

“भरा! पन्नास साधे टोन आहेत आणि शंभरावर डिजिटल. बसा एकेक लावत.”

तिथून मी पोस्टात गेले आणि त्या सव्वीस नोंदींची प्रत दिल्लीला परवाना खात्याकडे रजिस्टर्ड पाठवली. तिचं उत्तर यायला किती महिने लागतील याचा अंदाज मला होता. अस्माचा परवाना त्याच दिल्लीहून आला होता.

“पन्नासच तर आहेत,” मंगळवारी लॅबमध्ये अस्मा म्हणाली. “एकेक लावून बघू. कुठला तरी उघडेलच.”

“नाही.”

“का मॅडम?”

“चोरासारखं दार हलवत बसायचं नाही. तुझ्याकडे परवाना आहे. एकदाच हाक मारायची आणि ती पोचली पाहिजे. टोन आपण मोजून काढू.”

“मोजणार कसा? डोंगर तर पुढं सांगत नाही म्हणालात.”

ते खरं होतं. रिपीटर टोन गाळून टाकतो, फक्त बोलणं पुढं पाठवतो. पण बोलणाऱ्याच्या सेटमधून तो निघतोच. तेव्हा बोलणाऱ्याच्या जवळ जायचं, सेटवरचं एक बटण दाबून रिपीटर जिथं ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर आपण ऐकायचं, आणि सेटला टोन शोधायला लावायचं. ते कुलूप असं होतं की प्रत्येक माणूस किल्ली हातात नाचवतच आत शिरत होता. फक्त बघणारा जवळ हवा.

“दादांच्या ऑफिसात जाऊन बसायचं?” अस्मानं विचारलं आणि स्वतःच थांबली. “मॅडम, दादा कशाला? क्रशर फाट्यावर आमच्या रियाजचं पंक्चरचं दुकान आहे. डंपर सगळे तिथंच थांबतात.”

शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही फाट्यावर होतो. रियाज म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यानं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची फडक्यानं दोनदा पुसली आणि अस्माला म्हणाला, “दीदी, तू टायरवर बस.” पठारावर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. रस्त्यावर खडीची धूळ. तीन डंपर न थांबता गेले.

“आज कुणाचं पंक्चर व्हायचंच नाही,” अस्मा म्हणाली. “रियाज, रस्त्यावर दोन खिळे टाक.”

“गप ए. धंदा बदनाम करशील.”

पावणेअकराला चार नंबरचा डंपर आला, मागचं आतलं चाक बसलेलं. ड्रायव्हर खाली उतरला. संभा त्याचं नाव. कंबरेला सेट. माझ्या हातातला सेट बघून त्याला आनंद झाला.

“काय मॅडम, तुमाला बी दिला व्हय दादांनी?”

“माझा आहे.”

“लय भारी चीज. आमचे मागल्या शनिवारी सगळे गोळा केले आन् नवीन काय तरी भरून दिलं. आता कुणी भायेरचं मधी घुसत न्हाई म्हणं.”

अस्मानं माझ्याकडे पाहिलं नाही. टायरची नळी बोटांनी दाबत राहिली. ज्याला परवाना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्याच्या कंबरेला किल्ली होती, आणि ती मात्र आठवडाभर नुसती ऐकत होती.

“दादांना सांगावं लागंल उशीर झाल्याचं,” संभा म्हणाला आणि त्यानं सेट तोंडाशी नेला.

इतक्या जवळून सेट गुदमरतो, म्हणून मी उठून टायरच्या थप्पीमागे गेले. ते बटण मी आधीच दाबून ठेवलं होतं. मेनू अकरा. शोधाचं बटण.

“दादा, चार नंबर बोलतोय. फाट्यावर पंक्चर झालंय. अर्धा तास लागंल.”

आकडे पळू लागले. सदुसष्ट. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक पाच. शंभर. एकशे चौदा.

“कुठलं चाक?” दादा डोंगरावरून विचारत होते, संभाच्या सेटमधून.

आकडे थांबले होते. संभा गप्प तर शोध गप्प.

“अस्मा,” मी हळूच म्हटलं, “त्याला बोलत ठेव.”

“संभाभाऊ,” ती लगेच म्हणाली, “दोन चाकं बसलीत बघा. बाजूचं पण गेलंय. सांगा दादांना नीट, नाहीतर तुमच्यावर येईल.”

“आं? कुठाय?” तो वाकला आणि वाकल्या वाकल्याच बटण दाबून बोलू लागला. “दादा, दोन दिसत्यात म्हणं. आतलं तर पार बसलंय, बाजूचं बगतो. न्हाई, बाजूचं बरं दिसतंय, हवा हाय तशी...”

एकशे सत्तावीस. एकशे एकतीस. एकशे छत्तीस. आणि आकडा लुकलुकून स्थिर झाला.

मी तो चिठ्ठीवर लिहिला. मग संभा पुन्हा बोलला तेव्हा पुन्हा मोजला, आणि तिसऱ्यांदा. एका मोजणीवर विसंबायचं नाही हे मी मुलांना वीस वर्षं सांगत आले होते. तिन्ही वेळा तोच. एकशे एक्केचाळीस पूर्णांक तीन.

“भर,” मी अस्माला म्हटलं. तिनं सेट घेतला. मेनू तेरा, पाठवायचा टोन. खालीवर बाणाची बटणं, निश्चित करायचं बटण. मी तिला केबलनं भरायला कधी शिकवलंच नव्हतं. तिनं मान वर न करता नव्वद सेकंदांत भरला.

रविवारी आठ वाजता पुन्हा गच्ची. माझ्या खिशात चिठ्ठी होती, अस्मानं काय बोलायचं ते मी सात वाक्यांत लिहिलं होतं. तिनं ती वाचली, घडी केली आणि स्टुलाच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवली.

अकरा जणांची हजेरी झाली. माझं नाव घेतलं गेलं नाही.

“अजून कुणी स्टेशन?”

दिवा लाल झाला. एक सेकंद.

“व्हिक्टर युनिफॉर्म थ्री झुलू याँकी टँगो. नाव अस्मा. विट्याहून. पहिल्यांदा बोलतेय. ओव्हर.”

तिनं बटण सोडलं आणि डोंगरावरून ती बारीक टुक आली. पोचलं की रिपीटर देतो ती. तिनं माझा दंड धरला.

सेटमध्ये नुसती खरखर. मी घड्याळ बघत होते. नऊ सेकंद.

“हे स्टेशन कुठून आलं?” मुळीकदादा. “टोन कुणी दिला?”

“कुणी दिला नाही. मोजला. नाव अस्मा. माझा आवाज कसा येतोय? ओव्हर.”

“तोडकर मॅडम, ऐकताय ना? तुमच्या शिपाईणीला सांगा, क्लबची फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवायची.”

मी माझ्या सेटचं बटण दाबायला गेले. अस्मानं माझ्या सेटवर हात ठेवला.

“दादा, हवेवर मॅडम नसते आणि शिपाईण पण नसते,” ती तिच्या सेटमध्ये म्हणाली. “परीक्षेतलाच प्रश्न आहे, माझा बरोबर आलेला. कॉल साइन असते. माझी मी आधीच सांगितली. अजून सांगू का? ओव्हर.”

पुन्हा खरखर. मग सेटमध्ये चार सूर वाजले, फोनचे आकडे दाबल्यासारखे, आणि सगळं एकदम मिटलं. खरखरसुद्धा नाही.

“काय झालं?”

“रिपीटर बंद केला,” मी म्हटलं. “त्यांच्या सेटवरून करता येतो.”

अस्मानं वाघजाईच्या डोंगराकडे पाहिलं. मला वाटलं, रडते की काय. ती स्टुलावर बसली आणि सेटचे आकडे दाबू लागली. एक चार पाच, पाच शून्य शून्य. डोंगराशिवाय, एका सेटवरून थेट दुसऱ्या सेटवर बोलायची हाकेची फ्रिक्वेन्सी. टोन काढून टाकला. मला एका शब्दानं विचारलं नाही.

“व्हिक्टर युनिफॉर्म थ्री झुलू याँकी टँगो. कुणी ऐकत असेल तर उत्तर द्या.”

काही नाही. तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज आला, घोगरा, वाऱ्यात हलणारा, पण शब्द न शब्द कळणारा.

“अस्मा, मी दिनकर. पेठेतून. मला तू पाच-सात येतेस. पाच-सात. शब्द स्वच्छ, जोर बरा. तुझं पहिलं बोलणं माझ्याशी झालं, लिहून ठेव. ओव्हर.”

बैठकीत चष्मा पुसणारे नाना. तिनं वही उघडली, पहिल्या ओळीवर लिहिलं आणि लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मी माझं पेन दिलं.

“नाना, तुम्ही पण मला पाच-सात. तुम्हाला कसं कळलं मी इथं येईन?”

“डोंगर बंद पडला की शहाणी माणसं इथं येतात. आम्ही तारेवर चाळीस वर्षं काढली, आमचा डोंगर नव्हता. शेजारी कोण आहे तुझ्या?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी स्टुलाखाली होती. मी तिच्या हातातून सेट घेतला आणि बटण दाबलं.

“नाना, मी शैलजा,” मी म्हटलं. माझी कॉल साइन सांगितली. आणि मग बरंच काही बोलले. काय बोलले ते मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलेलं नाही; आठवत नव्हतं. बोलणं संपलं तेव्हा आणखी दोघं जण हाक मारत होते. एक बाजारपेठेतला चष्म्याचा दुकानदार, एक लेंगऱ्याचा मास्तर. अस्मानं दोन ओळी लिहिल्या.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. रियाज.

“दीदी, इथं पाच डंपर लागलेत! सगळे सेटवर ओरडतायत, कुणाचं कुणाला जाईना. बाजूबाजूला उभे आहेत तरी ऐकू येईना म्हणतात.”

“यायचं कसं?” अस्मा म्हणाली. “ते बोलतात एकीवर आणि ऐकतात दुसरीवर. मधला बोलणारा दादांनी झोपवला. त्यांना म्हणावं, केबलवाल्याला बोलवा.” फोन ठेवून ती मला म्हणाली, “मॅडम, संभाला हवेवरून निरोप द्यावा असं फार वाटतंय. पण ते धंद्याचं बोलणं होईल.”

आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी माझ्या सेटमधून टुक आली. तो मी रिपीटरवरच ठेवला होता. डोंगर जागा झाला होता, आणि पहिला आवाज दादांचा नव्हता.

“दादा! चार नंबर! घंटाभर वरडतोय, ही खडी टाकायची कुठं?”

“तीन नंबर, दादा! माझी पावती...”

“अरे गप! नेट चालू आहे!” मुळीकदादा ओरडले. क्लबच्या अकराही जणांचे सेट चालू असणार, एक कान डोंगरावरही असणार, रविवार होता. सव्वीस नोंदींचा कागद मला आता कुणाला वाचून दाखवायची गरज नव्हती.

ड्रायव्हर गप्प झाले. दादांनी घसा साफ केला.

“नेट पुन्हा सुरू करतो. हजेरी. कोण कोण स्टेशन आहे?”

अस्माच्या सेटवर आता सातवा माणूस आला होता आणि नाना त्याला थांबायला सांगत होते, आधी अस्माचं पुरं होऊ दे म्हणत होते.

“कुणी आहे का?” दादा म्हणाले. मग थोड्या वेळानं, आवाज जरा खाली आणून, “झुलू याँकी टँगो, आहात का?”

अस्माचं पेन वहीवर थांबलं.

“मॅडम, दादा हाक मारतायत.”

“ऐकू येतंय मला.”

“मग?”

“नाना काहीतरी विचारतायत बघ,” मी म्हटलं. “आधी त्यांना उत्तर दे.”